भिंतीतल्या कपाटाची झोळलेली फळी बदलताना

कपाटाची फळी मधोमध खाली झुकली की तेवढ्याच मापाची, तेवढ्याच जाडीची नवी फळी आणून तिच्या जागी बसवावी, असे साहजिकच वाटते. काम त्याने एका दिवसात उरकते हे खरे. परंतु ज्या कारणाने जुनी फळी झोळली ते कारण कपाटात तसेच राहिले, तर नवी फळीही काही महिन्यांत त्याच वाटेने जाते. बहुतेक वेळा दोष फळीचा नसून तिच्या दोन आधारांमधल्या अंतराचा, म्हणजे गाळ्याचा असतो. म्हणून या लेखात फळी कापण्याआधीच्या विचाराला अधिक जागा दिली आहे. हातात करवत प्रथमच घेणाऱ्यालाही हे काम जमण्यासारखे आहे, मात्र क्रम सोडू नये.

झोळ कशाचा आहे ते आधी पाहावे

फळी पूर्ण रिकामी करावी आणि तिच्या पुढच्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक दोरा ताणून धरावा. मधोमध दोरा आणि फळी यांच्यात जी फट दिसेल ती पट्टीने मोजून लिहून ठेवावी. साधारणपणे एक मीटर लांबीमागे तीन मिलीमीटरपर्यंतचा झोळ डोळ्यांना फारसा खटकत नाही. त्यापुढे तो दुरूनही दिसू लागतो. फळी एक-दोन दिवस रिकामी ठेवून पुन्हा दोरा धरला आणि फट जवळजवळ तेवढीच राहिली, तर लाकडाने वाकलेला आकार कायमचा धरला आहे असे समजावे. सतत वजन सोसणारे लाकूड आणि विशेषतः भुशापासून दाबून केलेले बोर्ड हे पहिल्या दिवशी थोडे वाकतात आणि नंतर महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतात. अशी फळी उलटी करून बसवण्याचा सल्ला अनेकजण देतात. तो तात्पुरता चालतो, पण काही काळाने तीच फळी दुसऱ्या बाजूला झोळते, म्हणून मी तो देणार नाही.

दोऱ्याशिवाय आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे फळीची टोके. ती आधारावर नीट टेकलेली आहेत का, की आधाराची पट्टीच भिंतीतून सुटून खाली आली आहे? फळी सरळ असून एक टोक खाली गेले असेल तर फळी बदलून काहीच साधणार नाही. पट्टी पुन्हा पक्की करावी लागेल. फळी चार छोट्या पिनांवर टेकलेली असेल तर पिनांची भोके पाहावीत, कारण पार्टिकल बोर्डमध्ये (लाकडाचा भुसा-चुरा गोंदाने दाबून केलेल्या बोर्डमध्ये) ती वजनाने लांबट होतात आणि पिना पुढे झुकतात. दुसरी गोष्ट ओल. फळीची कड फुगलेली, लॅमिनेट सुटलेले किंवा मागच्या भिंतीवर डाग असतील, तर पाणी कुठून येते ते शोधून थांबवल्याशिवाय नवे लाकूड आत नेऊ नये. तिसरी गोष्ट वाळवी आणि भुंगा. फळीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला, मातीच्या बारीक रेषा दिसल्या किंवा खाली पिठासारखा भुसा पडलेला असला, तर आधी त्यावर उपाय करून घ्यावा.

कपडे टांगण्याचा दांडा फळीच्याच मध्यावर एखाद्या कडीने लटकवलेला असेल, तर त्या साऱ्या कपड्यांचे वजनही फळीवरच येते. हे कारण सहज नजरेतून सुटते. दांड्याची टोके बाजूच्या भिंतींवर किंवा उभ्या फळ्यांवर स्वतंत्रपणे घेतली, तर नव्या फळीचे ओझे बरेच हलके होते.

गाळा, जाडी आणि साहित्य

येथे थोडे गणित आवश्यक आहे, कारण निर्णय त्यावरच अवलंबून आहे. फळीच्या प्रत्येक फुटावर सारखेच वजन आहे असे धरले, तर झोळ गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढतो. गाळा दुप्पट झाला की झोळ सोळापट होतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो, म्हणून जाडी दुप्पट केली की झोळ आठव्या हिश्श्यावर येतो, आणि १८ मिलीमीटरऐवजी २५ मिलीमीटरची फळी घेतली तर तिचा ताठपणा सुमारे २.७ पट होतो. याचा अर्थ असा की जाड फळी उपयोगी असली, तरी गाळा कमी करण्याइतका मोठा फायदा दुसऱ्या कशानेच मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. फळी ९०० मिलीमीटर लांब, ५०० मिलीमीटर खोल आणि १८ मिलीमीटर जाड आहे, ती फक्त दोन टोकांवर टेकलेली आहे आणि तिच्यावर सगळीकडे सारखे पसरलेले ३६ किलो वजन आहे. घडी केलेले कपडे, चादरी आणि वर रचलेली पांघरुणे मिळून एवढे वजन सहज होते. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेल्या बोर्डची) फळी या वजनाखाली लगेचच सुमारे पाच मिलीमीटर झुकेल, आणि पुढच्या काळात हा आकडा साधारण दुप्पट होऊ शकतो. तेवढ्याच मापाच्या चांगल्या प्लायवुडचा सुरुवातीचा झोळ सुमारे दोन मिलीमीटर असेल. गाळा ६०० मिलीमीटरवर आणला, तर एमडीएफच्या त्याच फळीचा झोळ एक मिलीमीटरच्या आसपास येतो.

यावरून कामापुरता नियम असा धरावा: केवळ दोन टोकांवर टेकणारी १८ मिलीमीटरची पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफची फळी ६०० मिलीमीटरपेक्षा लांब ठेवू नये, आणि तेवढ्याच जाडीचे प्लायवुड ७५० मिलीमीटरच्या पुढे नेऊ नये. त्याहून रुंद कपाटात आधार वाढवलाच पाहिजे. पुस्तके किंवा कागदांचे गठ्ठे ठेवायचे असतील तर ही अंतरे आणखी कमी धरावीत, कारण कागद कपड्यांपेक्षा फार जड असतो. नेमके वजन जाणून घ्यायचे असल्यास माणसांच्या वजनकाट्यावर आधी एकट्याने, मग कपड्यांचा गठ्ठा हातात घेऊन उभे राहावे आणि दोन आकड्यांतला फरक काढावा.

साहित्यात माझी पहिली पसंती प्लायवुडला आहे. ते स्क्रू घट्ट धरते, ओलीला पार्टिकल बोर्डपेक्षा चांगले तोंड देते आणि वाकायला कठीण असते. मात्र घेताना त्याच्या वरच्या थरातले लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने जातात ते पाहावे. तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने असले पाहिजेत. मोठ्या तावातून तुकडे काढताना लाकूड वाचवण्यासाठी फळी आडवी कापली गेली, तर तोच प्लाय लक्षणीय कमी ताठ ठरतो. ब्लॉकबोर्डच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्याच्या आतल्या लाकडी पट्ट्या एकाच दिशेने असतात. पट्ट्या लांबीच्या दिशेने असल्या तरच त्या वजन पेलतात.

आधार वाढवण्याचे तीन मार्ग

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मागच्या भिंतीवर फळीच्या पूर्ण लांबीची लाकडी पट्टी ठोकणे. त्यामुळे फळीची मागची कड वाकूच शकत नाही आणि झोळ पडलाच तर पुढच्या कडेला पडतो. ज्या कपाटांत आजवर फक्त बाजूंना पट्ट्या होत्या, तेथे एवढ्या एका बदलाने फार फरक पडतो.

दुसरा मार्ग पुढच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी उभी लावण्याचा आहे. सुमारे २० मिलीमीटर जाड आणि ४० मिलीमीटर उंच पट्टी फळीच्या खाली, पुढच्या कडेशी समपातळीत गोंद आणि स्क्रूने बसवावी. आडवी ठेवल्यास या पट्टीचा उपयोग फारच कमी होतो. उभी ठेवल्यावर मात्र एकटीच वरच्या उदाहरणातल्या एमडीएफ फळीचा ताठपणा दुपटीहून अधिक वाढवते, आणि गोंद पक्का असेल तर फळी व पट्टी एकजीव होऊन काम करत असल्याने लाभ त्याहूनही वाढतो. मागची पट्टी आणि ही पुढची पट्टी एकत्र असली की मध्यम रुंदीच्या कपाटाला दुसऱ्या कशाची गरज राहत नाही. पट्टी खाली किती येते ते मात्र आधी पाहावे. खालच्या कप्प्यात हात घालताना, खण ओढताना किंवा बिजागर फिरताना ती आड येता कामा नये.

तिसरा मार्ग मधोमध उभी फळी देण्याचा. गाळा निम्मा झाल्याने, आणि फळी मधल्या आधारावरून अखंड गेली असल्यास, झोळ सोळाव्या हिश्श्याहूनही कमी होतो, आणि एक मीटरच्या पुढच्या कपाटात हाच खात्रीचा उपाय आहे. पण उभी फळी वजन नाहीसे करत नाही, ती ते फक्त खाली पोचवते. वरच्या फळीखालची उभी फळी दुसऱ्या एका आडव्या फळीच्या मध्यावर टेकवली, तर आता ती खालची फळी दोन फळ्यांचे ओझे वाहू लागेल आणि झोळेल. म्हणून उभे आधार एकाखाली एक, एकाच रेषेत, थेट कपाटाच्या तळापर्यंत आले पाहिजेत, आणि तळाची फळीही त्या जागी खालून जमिनीवर टेकलेली असली पाहिजे. तळाखाली पोकळी असल्यास तेथे लाकडाचा एक ठोकळा नेमक्या उंचीचा कापून सरकवावा.

जुनी फळी काढणे

कपाट रिकामे करून दारे उघडी ठेवावीत आणि शक्य असल्यास ती बिजागरांवरून उतरवून बाजूला ठेवावीत. फळी आणि भिंत यांच्या सांध्यावर रंगाचा थर असेल तर तो धारदार चाकूने रेषेत कापून घ्यावा. नाहीतर फळीबरोबर भिंतीचा रंग सालपटासारखा निघतो. मग खालून टॉर्च मारून स्क्रू कुठे आहेत ते पाहावे. स्क्रू सोडवल्यानंतर, किंवा फळी खिळ्यांनी ठोकलेली असेल तर सरळच, लाकडाचा एक तुकडा फळीला खालून लावून त्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला असे आलटून पालटून ठोकले की खिळे थोडे थोडे वर येतात आणि पकडीने उपसता येतात.

फळी बाजूच्या खाचेत अडकवलेली असेल किंवा स्क्रू बाजूच्या फळीच्या पलीकडून, भिंतीत लपलेल्या बाजूने मारलेले असतील, तर ती अखंड बाहेर येणार नाही. अशा वेळी जोर लावून बाजू खिळखिळ्या करू नयेत. फळी टाकूनच द्यायची आहे. तिला खालून आधार देऊन मध्यावर आडवी करवत चालवावी आणि दोन्ही तुकडे हलवत, पिळत ओढून काढावेत. भिंतीत उरलेली स्क्रूची टोके छोट्या लोखंडी करवतीने समपातळीत कापता येतात.

मापे घेणे

भिंतीतल्या कपाटाच्या बाजू एकमेकींशी समांतर असतीलच असे नाही, आणि कोपरे काटकोनात असणे तर आणखी दुर्मीळ. त्यामुळे आतली रुंदी मागे, मध्ये आणि पुढे अशी तीन ठिकाणी, फळी जेथे बसणार त्याच उंचीवर मोजावी. मेजर टेप आत वाकवून वाचताना एक-दोन मिलीमीटरची चूक होतेच. त्यापेक्षा दोन बारीक सरळ काठ्या एकमेकींवर ठेवून त्यांची टोके दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत सरकवाव्यात, तेथे दोघींवर मिळून पेन्सिलीची एक खूण करावी आणि बाहेर आणून खूण जुळवून लांबी घ्यावी. कोपऱ्यांसाठी जाड पुठ्ठा कोपऱ्यात बसेल असा कापून घ्यावा आणि त्याची रेषा नव्या फळीवर उतरवावी. फळी प्रत्येक ठिकाणी आतल्या रुंदीपेक्षा साधारण दोन मिलीमीटर कमी ठेवावी. बाजू तिरप्या असतील तर फळीही तेवढीच तिरपी कापावी.

फळीची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचे माप, ठरवताना दार पूर्ण मिटल्यावर दाराच्या आतल्या अंगापासून फळीपर्यंत किमान २० मिलीमीटर मोकळे राहतील असे पाहावे. सरकत्या दारांच्या कपाटात आतल्या दाराची मागची बाजू हीच मर्यादा समजावी.

येथे एक अडचण हमखास येते. पुष्कळ कपाटांना पुढून चौकट असते आणि चौकटीतले तोंड आतल्या रुंदीपेक्षा अरुंद असते. फळी तिरकी करून, एक टोक वर धरून आत नेता येते का, हे खऱ्या फळीवर करवत चालवण्याआधी त्याच लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्याने किंवा पातळ हार्डबोर्डने करून पाहावे. पुठ्ठा आत जात नसेल तर फळी दोन तुकड्यांत करावी लागेल. तो सांधा मधल्या उभ्या फळीच्या बरोबर वर आला पाहिजे, आणि तेथे दोन्ही तुकड्यांना टेकायला पुरेशी जागा मिळावी म्हणून उभ्या फळीच्या दोन्ही अंगांना वरच्या कडेशी एकेक पट्टी लावावी.

आधाराच्या पट्ट्या बसवणे

फळी कापण्याआधी पट्ट्या बसवाव्यात, म्हणजे पट्टी किंचित सरकली तरी तिचे माप फळीत धरता येते. फळीच्या खालच्या पातळीची रेषा मागच्या भिंतीवर आखून ती दोन्ही बाजूंवर वळवावी. रेषा कपाटाच्या तळापासून मोजून आखू नये, कारण तळ उतरता असू शकतो. स्पिरिट लेव्हल वापरावी, आणि लेव्हल खरी आहे का हे पाहण्यासाठी तिची टोके उलटसुलट करून दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी थांबतो का ते बघावे.

भिंतीत ड्रिल चालवण्याआधी मागे किंवा शेजारच्या खोलीत विजेचे बटण, प्लग किंवा नळ कुठे आहेत ते पाहावे. त्यांच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडणे टाळावे आणि त्या भागाचा वीजप्रवाह बंद ठेवावा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत वॉल प्लग (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) घालून स्क्रू मारावेत. स्क्रू पट्टी आणि गिलावा ओलांडून पक्क्या भिंतीत सुमारे ४० मिलीमीटर जायला हवा, म्हणजे २० मिलीमीटरच्या पट्टीसाठी ७० ते ७५ मिलीमीटरचा स्क्रू लागतो. दोन स्क्रूंत ३०० ते ४०० मिलीमीटर अंतर पुरते. भिंत पोकळ बोर्डची असेल तर आतल्या लाकडी किंवा धातूच्या खांबांतच स्क्रू गेले पाहिजेत. बोर्ड त्या खांबांना स्क्रूने जोडलेला असतो, म्हणून लोहचुंबक भिंतीवरून फिरवले की ते स्क्रू आणि पर्यायाने खांब सापडतात.

बाजूला लाकडी फळी असल्यास स्क्रूची लांबी जपावी. १८ मिलीमीटरची बाजू आणि २० मिलीमीटरची पट्टी मिळून ३८ मिलीमीटर होतात, म्हणून ३० ते ३२ मिलीमीटरचा स्क्रू योग्य ठरतो. चार मिलीमीटरच्या स्क्रूसाठी आधी अडीच ते तीन मिलीमीटरचे भोक पाडावे, नाहीतर पट्टी टोकाशी तडकते. पुढे उभी पट्टी लावायची असल्यास बाजूच्या पट्ट्या पुढच्या कडेपासून तिच्या जाडीइतक्या आधीच थांबवाव्यात. हे विसरल्यास फळी जागी बसतच नाही.

कापणे आणि कडा

नवी फळी खोलीत दोन-तीन दिवस सपाट पट्ट्यांवर आडवी ठेवावी, म्हणजे ती तिथल्या हवेतल्या दमटपणाशी जुळते. भिंतीला टेकवून तिरकी उभी केलेली फळी बसवण्याआधीच बाक धरते.

दुकानात यंत्रावर कापून मिळत असेल तर नवख्या माणसाने ती सोय अवश्य घ्यावी. घरी कापताना दातांची दिशा लक्षात ठेवावी: हातकरवतीला चांगली बाजू वर, गोल पात्याच्या विजेच्या करवतीला आणि साध्या पात्याच्या जिगसॉला (वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याच्या विजेच्या करवतीला) चांगली बाजू खाली. कापण्याच्या रेषेवर कागदी चिकटपट्टी लावून चाकूने रेषा ओढली की लॅमिनेटचे टवके कमी उडतात. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर धूळ अडवणारा मास्क असावाच. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि ती फुप्फुसांना अपायकारक आहे, म्हणून हे काम शक्यतो उघड्यावर करावे.

फळीला लॅमिनेट किंवा रंग द्यायचा तर तो दोन्ही अंगांना द्यावा. एकच अंग बंद केले तर दुसरे ओल शोषून फुगते आणि फळी वजनाशिवायच वाकते. चारही कडा, भिंतीकडे लपणाऱ्या कडांसह, एज बँड (कडेवर चिकटवायची पातळ पट्टी) किंवा रंगाने बंद कराव्यात. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला अनेक दिवस लागतात, आणि घाईने ठेवलेले कपडे त्याला चिकटतात. फळी शक्य तितकी आधी रंगवून ठेवणे यासाठीच बरे.

पुढची उभी पट्टी बसण्याच्या जागी मात्र रंग किंवा लॅमिनेट नको, कारण गोंदाला कोरे लाकूड लागते. दोन्ही पृष्ठांवर लाकडाचा पांढरा गोंद पातळ पसरून पट्टी शिकंज्यांनी आवळावी, दर २०० मिलीमीटरवर एक स्क्रू द्यावा आणि बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसावा. फळीवर वजन ठेवण्याआधी २४ तास जाऊ द्यावेत.

फळी जागी बसवणे

मधली उभी फळी ठेवायची असल्यास ती आधी उभी करून ओळंब्यात आणावी. तिची उंची बाजूच्या पट्ट्यांच्या वरच्या कडेशी तंतोतंत जुळली पाहिजे. ती एक मिलीमीटर जरी उंच झाली तरी नवी फळी टोकांना अधांतरी राहते. त्यानंतर नवी फळी एक टोक वर धरून आत न्यावी, खालचे टोक पट्टीवर टेकवावे आणि दुसरे हळूहळू खाली आणावे. ती मध्येच अडली तर ठोकू नये. कुठे घासते तेथे पेन्सिलीने खूण करून फळी बाहेर काढावी आणि रंध्याने किंवा काचकागदाने तेवढाच भाग उतरवावा. बसल्यावर चारही कोपरे दाबून पाहावे. एखादा कोपरा डुगडुगत असेल तर त्याखाली पातळ लाकडी चकती सरकवावी, कारण तीनच कोपऱ्यांवर टेकलेली फळी वजन आल्यावर पिळली जाते.

शेवटी पट्ट्यांमधून खालून वर प्रत्येक टोकाला दोन आणि मागे तीन-चार स्क्रू घ्यावेत. पट्टी ४० मिलीमीटर उंच असेल तर सरळ मारलेला ५० मिलीमीटरचा स्क्रू १८ मिलीमीटरच्या फळीत दहा मिलीमीटर जातो आणि वर टोक काढत नाही. हे स्क्रू फळीला सरकू किंवा उचलू देत नाहीत. वजन पेलण्याचे काम मात्र पट्ट्यांचेच आहे.

सामान लावताना सर्वांत जड गठ्ठे टोकांशी किंवा उभ्या फळीच्या वर ठेवावेत आणि मध्यावर हलके कपडे. फळी भरल्यावर त्याच दिवशी पुढच्या कडेवर दोरा ताणून फट मोजावी, आकडा फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने लिहावा, आणि एक महिन्याने व सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. पहिल्या महिन्यात एखादा मिलीमीटर वाढणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही आकडा वाढतच राहिला आणि पुढची पट्टी अद्याप लावलेली नसेल, तर फळी रिकामी करून, पट्टीच्या जागेचा रंग खरवडून काढून, मधोमध खालून ठोकळ्याने सरळ रेषेत उचलून धरावी आणि त्याच स्थितीत पट्टी गोंद-स्क्रूने लावावी. फळी पुन्हा बदलण्याची गरज पडत नाही.